पेशंटबरोबर कोण आहे? दवाखान्यातली औषधं सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी

रात्री पावणेबाराला सिस्टर दारात येऊन विचारते, "बारा नंबरबरोबर कोण आहे?" तुम्ही डोळे चोळत उठता आणि हातात एक चिठ्ठी पडते. खाली तळमजल्यावर मेडिकल, समोर आठ-दहा माणसं. काउंटरवरून एक पिशवी आणि एक बिल मिळतं. दोन्ही न वाचता तुम्ही वर आणून देता. पहिले चार दिवस मीही हेच केलं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हृदयाची झडप बदलायची होती. बार्शीहून पुण्याला आणलं आणि एकोणीस दिवस तिथल्या एका खासगी दवाखान्यात काढले. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. औषधांची धावपळ माझ्याकडे होती आणि त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. जे कळलं ते तिथल्या फार्मसीतल्या एका मॅडमनी रात्रपाळीत, गर्दी नसताना सांगितलं म्हणून. ते इथे क्रमाने लिहितो. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. मी लिहितोय ते लिहिलेलं औषध आणि पोटात गेलेलं औषध एकच असावं यासाठी.

आधी ही पिशवी भरा

प्लॅस्टिकचं एक फोल्डर घ्या आणि त्यात हे ठेवा:

- आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, निदान शेवटची
- घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, त्यांच्या मूळ पट्ट्यांसह (डबीत काढलेल्या सुट्ट्या नकोत)
- कशाची ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड
- दवाखान्याचा पेशंट नंबर (केसपेपरवर असतो, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा)
- एक शंभर पानी वही, एक पेन, एक मार्कर, एक छोटी कात्री

कात्रीला हसू नका, पुढे उपयोगी पडते.

१. भरती होतानाच घरच्या गोळ्यांची यादी द्या, आणि गोळ्याही

इथे मी चुकलो, म्हणून हे पहिलं.

अण्णांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होती. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बीपीची एक गोळी आहे." त्यांनी नोंद केली आणि वॉर्डात ती सुरू झाली, पण दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाने. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने पांढऱ्या कागदी कपात तीन गोळ्या दिल्या, अण्णांनी घेतल्या. मग नेहमीच्या सवयीने मी पिशवीतली घरची गोळीही दिली. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध तेच. अकराच्या सुमारास अण्णा बाथरूमला जायला उठले आणि भिंत धरून उभे राहिले. बीपी ९०/६० आलं. सिस्टरने विचारलं, "बाहेरचं काही दिलंत का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तेव्हा हे करा. भरतीच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर चालू औषधं लिहा: औषधाचं मूळ नाव (पट्टीवर ब्रँडच्या जवळ छापलेलं असतं ते), किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, शेवटची कधी घेतली. आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, गुडघ्यासाठी परस्पर आणलेली पेनकिलर, झोपेची गोळी हे सगळं लिहा. ज्येष्ठ माणसं निम्म्या गोळ्या सांगत नाहीत. अण्णांच्या शर्टाच्या खिशात ॲस्पिरिनची पट्टी निघाली, जी ऑपरेशनआधी डॉक्टरांना कळणं फार गरजेचं होतं. यादी दाखवून झाली की घरच्या गोळ्या सिस्टरच्या ताब्यात द्या किंवा गावी परत पाठवा. उशाशी ठेवू नका.

२. औषध वॉर्डपर्यंत कसं येतं

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर औषधाच्या चार्टवर किंवा कॉम्प्युटरवर ऑर्डर लिहितात. सिस्टर त्यावरून फार्मसीला इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, पाठवते. फार्मासिस्ट ऑर्डर तपासतो: डोस वयाला आणि किडनीला झेपेल का, दोन औषधं एकमेकांच्या आड येतात का, ॲलर्जीची नोंद आहे का. मग औषध पेशंटच्या नावाने वर जातं आणि वॉर्डबॉय मामा ट्रॉलीतून आणतात. छोट्या दवाखान्यात हा सगळा रस्ता एका चिठ्ठीत मावतो आणि मामांच्या जागी तुम्ही असता.

सगळी औषधं सारखी नसतात. इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपॅरिन, मॉर्फिन, पोटॅशियम क्लोराइड यांत दशांश चिन्ह हललं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून नीट चालणाऱ्या दवाखान्यात ही वेगळ्या कप्प्यात, लाल लेबल लावून ठेवतात आणि देण्याआधी दोन जण तपासतात. पोटॅशियमची ॲम्प्यूल तर दिसायला साध्या पाण्याच्या ॲम्प्यूलसारखी असू शकते, म्हणून ती वॉर्डाच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवत नाहीत. दोन सिस्टर एकाच सिरिंजकडे बघत पुटपुटताना दिसल्या तर त्यांना तेवढा वेळ बोलायला लावू नका.

३. चिठ्ठी वाचायला शिका

अक्षराचं सोडा, खुणा शिका. अर्ध्या तासात येतात.

- ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा
- १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक
- एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना
- एसओएस म्हणजे त्रास झाला तरच
- स्टॅट म्हणजे लगेच. या चिठ्ठीसाठी रांगेत मागे उभं राहायचं नाही, "स्टॅट आहे" असं मोठ्याने सांगायचं

युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. तसंच 1.0 मधला टिंब पुसट असला की १० वाचलं जातं. असं काही दिसलं तर काउंटरवर अंदाज बांधू देऊ नका. फार्मासिस्ट वॉर्डात फोन लावून विचारतो, त्याला लावू द्या. पाच मिनिटं जातील. औषधांची नावं मूळ नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केला आहे. तेव्हा "हे नाव नीट लिहून देता का?" हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

४. काउंटर सोडण्याआधी पिशवी ताडून पाहा

मॅडमनी मला शिकवलेली पद्धत अशी: उजव्या हातात चिठ्ठी, डाव्या हातात पट्टी, बिल काउंटरवर पसरलेलं. एकेक औषध घ्यायचं आणि चार गोष्टी बघायच्या. नाव, ताकद, प्रकार (गोळी की इंजेक्शन की सिरप), मुदत.

नाव बघताना शेपूट बघा. टेल्मा हा टेल्मिसार्टनचा एक ब्रँड, पण टेल्मा ४०, टेल्मा एच आणि टेल्मा एएम या तीन वेगळ्या गोळ्या आहेत. एचमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, एएममध्ये ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीचंच दुसरं औषध. एसआर, एक्सएल, ईआर अशी शेपटं म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. ती चावायची किंवा कुटायची नाही. नाकातल्या नळीतून औषध जात असेल तर प्रत्येक गोळीबद्दल फार्मासिस्टला विचारा, "ही कुटली तर चालेल का?" शेजारच्या बेडवरच्या मावशींचा मुलगा सगळ्या गोळ्या एकत्र खलबत्त्यात कुटत होता. मॅडम स्वतः वर येऊन गेल्यावर त्यातल्या दोन बदलून सिरप आणि साध्या गोळ्या आल्या.

कानाला सारखी वाटणारी नावंही असतात. क्लोनाझेपाम आणि क्लोबाझाम, डोपामिन आणि डोबुटामिन. डोळ्याला सारखी दिसणारी खोकीही असतात. चांगल्या फार्मसीत अशा जोड्या शेजारी-शेजारी ठेवत नाहीत. पण गर्दीत हात चुकतो, म्हणून तुमचे डोळे हवेत.

मुदत '०८/२०२६' अशी छापलेली असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते, एक तारखेला संपत नाही. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते. ती पट्टीवरच्याशी जुळली पाहिजे.

आता कात्री. अर्धी पट्टी मिळाली तर बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा. तो आला नाही तर मार्करने पट्टीवर नाव आणि मुदत लिहा. घरी गोळ्या काढतानाही छापील टोकाकडून सुरुवात करू नका. शेवटच्या दोन गोळ्या उरल्यावर "ही कसली होती?" असा प्रश्न पडतो तो यामुळेच.

काही औषधं देताना फार्मासिस्ट डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून घेतो. तो चौकस म्हणून विचारत नाही. ताकदीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम वगैरे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कायद्यातल्या यादीत आहेत आणि त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय ती मागू नका. देणारा मेडिकलवाला 'ओळखीचा' असला तरी.

५. सिस्टर औषध द्यायला आली की

ती विचारेल, "नाव काय?" सतरा वेळा विचारलं तरी सतरा वेळा पूर्ण नाव सांगा आणि पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टा दाखवा. आमच्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पाटील होते, म्हणून 'पाटीलकाका' म्हणून औषध घेणं बंदच केलं होतं. तुम्ही एवढंच विचारा: "सिस्टर, हे कशाचं?" आणि वहीत वेळ टाका. आधी न दिसलेली गोळी कपात असेल तर विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. बहुतेक वेळा सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी बदललेली असते. एकदा मात्र आमच्या कपात खरंच शेजारची गोळी आली होती. सिस्टरनेच आभार मानले.

६. थंड औषधं

इन्सुलिन, काही लसी, काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. काउंटरवर ही शेवटी घ्या आणि थेट वॉर्डातल्या फ्रिजमध्ये द्या, चहा नंतर. घरी फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी फेकायचं. वापरात असलेली बाटली उन्हापासून लांब, घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. गावी लाइट जात असेल तर माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या बोळक्यात ठेवतात. आमच्याकडे आजही तेच आहे.

इन्सुलिनचा सगळ्यात मोठा खड्डा सिरिंजचा. आपल्याकडे बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. उलट केलं तर २० च्या जागी फक्त ८. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दर वेळी जुळवा.

७. बाहेरून औषध आणायचं असेल तर

दवाखान्याच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दलचं धोरण ठरवणं राज्यांवर सोपवलं. त्याच वर्षी आपल्या अन्न व औषध प्रशासनाने दवाखान्यांतल्या मेडिकलमध्ये तसा फलक लावायला सांगितलं. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर एक रुपयाही द्यायचा नाही. किंमत तपासायला 'फार्मा सही दाम' हे सरकारी ॲप आहे. जनऔषधी केंद्रात मूळ नावाने स्वस्त गोळ्या मिळतात.

पण माझं स्वतःचं मत सांगतो. आयसीयूत असताना, रात्री स्टॅट चिठ्ठीवर, दोनशे रुपये वाचवायला स्वारगेटपर्यंत जाऊ नका. रोजच्या, महिनोन्महिने लागणाऱ्या गोळ्या मात्र नक्की बाहेरून घ्या. बाहेरून आणलं तरी बिल हवंच आणि पट्टी सिस्टरला दाखवूनच वापरायची.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर पॅकेजमध्ये औषधं धरलेली असतात. कोणी चिठ्ठी देऊन पैसे भरायला लावलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी भेटा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे औषधाच्या खिडकीवर केसपेपर घेऊन उभं राहायचं, आणि एखादं औषध नसेल तर "कधी येईल?" हे विचारून जायचं.

८. उरलेलं परत करा, बिल बंद होण्याआधी

डॉक्टर औषध बदलतात, आधीचं उरतं. ते परत करता येतं, पण बिल हवं, पट्टी न कापलेली हवी, आणि फ्रिजमधलं औषध एकदा बाहेर गेलं की परत घेत नाहीत. योग्यच आहे, तुमच्या पिशवीत ते किती तापलं हे त्यांना काय माहीत. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरला विचारा, "आमच्या नावावर काय शिल्लक आहे?" आमचे सलाइनचे सेट आणि सहा इंजेक्शनं अशी निघाली. अंतिम बिल झाल्यावर हाच हिशेब काढायला अर्धा दिवस जातो.

९. डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

सगळ्यांना घरी जायची घाई असते, गाडी खाली उभी असते, आणि नेमका त्याच वेळी सगळ्यात महत्त्वाचा कागद हातात येतो. फार्मसीत जाऊन म्हणा, "मला दहा मिनिटं समजावून सांगा." दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. वहीत नवं पान घ्या आणि तीन रकाने पाडा: चालू ठेवायच्या जुन्या गोळ्या, बंद झालेल्या, नव्या. मधला रकाना कोणी आपणहून सांगत नाही. घरी कपाटात जुनी पट्टी असते आणि आठवड्याने ती परत सुरू होते. बंद झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी घरातून काढा.

अण्णांना आता जन्मभर असिट्रॉम आहे, रक्त पातळ ठेवायला. ही गोळी १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येते आणि आयएनआर तपासणीप्रमाणे (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) डोस बदलतो. आम्हाला एक दिवस २, एक दिवस ३ असं दिलं. घरी कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, आई २ किंवा ३ लिहिते आणि गोळी घेतल्यावर त्यावर गोल करते. कुठलंही ॲप यापेक्षा चांगलं चाललं नाही. मॅडमनी ठासून सांगितलं होतं ते असं: विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. अंगदुखीला परस्पर पेनकिलर घ्यायची नाही. पालक-मेथी सोडायची नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असंही करायचं नाही. दात काढायला गेलात तरी आधी या गोळीचं कार्ड दाखवायचं. आणि या गोळीची कंपनी डॉक्टरांना न सांगता बदलायची नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांना तर फार जपा. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एका ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. पट्टीवर मार्करने 'फक्त रविवार' असं लिहा, जो वार डॉक्टरांनी दिला असेल तो.

१०. काही बिघडलंच तर

अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणं, धाप, काळी शी, न थांबणारं रक्त असं काही झालं की गुगल करू नका. दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा, पट्ट्या आणि वही बरोबर न्या. दम लागला असेल तर बाकीचं सगळं राहू द्या, आधी गाडी काढा.

औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा देशपातळीवरचा मोफत नंबर आहे. मुदत संपलेलं औषध, जास्त किंमत, बिल न देणं याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर होते. दोन्हीकडे औषधाचं नाव आणि बॅच नंबर विचारतात, म्हणून रिकामी पट्टी किंवा बाटली कचऱ्यात टाकू नका. बिलाला स्टेपल करून फोल्डरमध्ये ठेवा.